सतराव्या पानावरची सावली

पारदर्शकता हा गुण माणसात असावा, कारभारात असावा, पाण्याच्या टाकीत तर असावाच असावा. पण शिलाई मशीनच्या चित्रात तो नेमका किती असावा, या प्रश्नावरून माझं आणि माझ्या सासऱ्यांचं अकरा दिवस बोलणं बंद होतं. आकडा पंचेचाळीसवर ठेवावा असं माझं म्हणणं. तीसवर ठेवावा असं त्यांचं. मधल्या पंधरा टक्क्यांत आमचं अख्खं कुटुंब अडकून पडलं होतं, आणि त्यात माझी बायको दोन्ही पक्षांची जवळची नातेवाईक.

सासऱ्यांना मीही बाबाच म्हणतो. बाबांनी एक्केचाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. मशीन समोर आलं की ते आधी हात लावत नाहीत. मान तिरकी करून ऐकतात, चाक एकदा फिरवायला सांगतात आणि मगच पेचकस उचलतात. गेल्या वर्षी त्यांनी दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं आणि घरी बसून एक वही लिहिली. मशीनचा प्रत्येक भाग, त्याचं दुखणं, त्यावरचा इलाज. वहीत चित्रं होती आणि ती काढण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. खाली जाड कागदावर मशीनच्या पोटातले भाग, आणि त्यावर एका कडेने चिकटवलेला बटर पेपर, ज्यावर मशीनचं काळं अंग पेन्सिलीने भरलेलं. कागद उचलला की पोट उघडं, सोडला की मशीन पुन्हा सभ्य.

ही वही प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांच्या हाती पडली. त्यांनी निरोप पाठवला की पुस्तक छापून द्या, नव्या सत्रापासून दुरुस्तीच्या वर्गाला हेच लावू. ही तीच संस्था, जिने पूर्वी बाबांना शिकवायच्या नोकरीला नको म्हटलं होतं, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही. बायकोने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच फोनवर बाबांना म्हणाली, "मांडणी हे करतील की. ऑफिसचं त्रैमासिक हेच तर करतात."

इथे थोडी पारदर्शकता मीही दाखवतो. मी विमा कार्यालयात आहे. आमच्या त्रैमासिकाचे चौकोन वरून आखून येतात, मजकूर वरून येतो, मी तो चौकोनांत ओततो आणि सांडलेला पुसतो. त्यासाठी मला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. पहिल्या दिवशी अक्षरं, दुसऱ्या दिवशी चित्रं, आणि तिसऱ्या दिवशी जेवणानंतर 'पारदर्शकता आणि दृश्य परिणाम'. जेवणानंतर, पडदे ओढून, दिवे मालवून, एका संथ आवाजात. याहून जास्त सांगायला नको. माझ्या लक्षात एवढंच राहिलं होतं की परिणाम देण्याआधी काहीतरी निवडायचं असतं. काय निवडायचं, यातच ती सगळी विद्या आहे, हे मला पुढे कळलं.

पण बायकोच्या आवाजात जो विश्वास होता, तो लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू आला होता. मी म्हणालो, "त्यात काय!"

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून आलो की साडेपाचला बाबा हजर. मी त्यांना माझ्याशेजारची चाकांची खुर्ची दिली. ती त्यांनी एकदा बोटाने ढकलून बघितली.

"चाकं असलेल्या वस्तूवर बसून बारीक काम होत नाही, जावईबापू," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन आले.

खालचं चित्र संगणकातल्या पानावर ठेवलं. वरचं चित्र त्यावर ठेवलं. वरच्याने खालचं पूर्ण झाकलं. हे अपेक्षितच होतं. आता पारदर्शकता. या प्रोग्रॅममध्ये हिशेब उलटा असतो. आकडा शंभर म्हणजे वस्तू भिंतीसारखी ठाम, आकडा शून्य म्हणजे वस्तू बेपत्ता. मी पन्नास टाकले. सगळं पान दुधात बुडवल्यासारखं झालं.

"हे मशीन आजारी दिसतंय," बाबा म्हणाले.

मी यादी उघडली. तिच्यात रंग एकमेकांत मिसळण्याच्या पंधरा-सोळा तऱ्हा होत्या. कुठली घ्यावी या विचारात असताना माझं बोट घसरलं आणि 'मल्टिप्लाय' नावाची तऱ्हा लागू झाली. क्षणात वरच्या कागदाचा पांढरेपणा नाहीसा झाला. फक्त पेन्सिलीचं काम उरलं, आणि त्याच्या आत शटल, बॉबिन, दांडे, सगळं जागच्या जागी.

"हं," बाबा म्हणाले.

बाबांचं 'हं' म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. माझ्या लग्नाला होकार देताना ते एवढंच म्हणाले होते. मी चेहऱ्यावर असा भाव आणला की हे सगळं मी ठरवूनच केलं होतं.

पुढचे तीन दिवस मात्र बोट काही पुन्हा तसं घसरलं नाही. मशीनचं अंग अजून थोडं फिकट करायचं म्हणून मी आकडा उतरवला, तर अंगाबरोबर भागांची नावंही फिकट झाली, कारण ती मी अंगाशी एकत्र बांधून ठेवली होती. 'सुई' हा शब्द असा विरला की तो तिथे आहे हे माहीत असेल तरच वाचता यावा.

"ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच हे दिसतंय," बाबा म्हणाले. "मग पुस्तक कशाला काढायचं?"

हा प्रश्न मी आजवर अनेक पुस्तकांबद्दल ऐकला आहे, पण इतक्या शांतपणे कधी नाही. शेवटी समजलं की गठ्ठा निवडला की गठ्ठा फिकट होतो, आणि एकच वस्तू निवडली की तीच होते. इतकंच काय, वस्तूची रेघ वेगळी, आतला रंग वेगळा, अक्षरं वेगळी, प्रत्येकाला आपापला आकडा देता येतो. ज्या घरात माणसांना ही सोय नाही, तिथे एका स्क्रूला ती आहे, याची मला थोडी असूया वाटली.

अशा रीतीने आम्ही सोळा पानं सुखाने पार केली. सतराव्या पानावर मुख्य चित्र होतं. आडवं, पानभर, अख्खं मशीन, अंगासकट आणि पोटासकट.

"तीस ठेवा," बाबा म्हणाले.

"पंचेचाळीस हवेत, बाबा. तीसवर ते लोखंड वाटत नाही, धुकं वाटतं."

"पोट बघायला आलेल्या माणसाला कातडी कशाला?"

"कातडी दिसली तरच पोट कुणाचं ते कळेल ना!"

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तीन दिवसांत शिकलेली विद्या माझ्या डोक्यात गेली होती. मी म्हणालो, "बाबा, मशीनमधलं तुम्हाला कळतं, पण पानातलं..."

वाक्य मी अर्धवट सोडलं. अशी वाक्यं पूर्ण केली तर निदान माफी मागता येते. बाबांनी चष्मा काढला, घडी केली, डबीत ठेवला, डबी मिटली. "बरोबर आहे, जावईबापू. जाणकार तुम्ही." मग स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, मुलीला "येतो गं" म्हणाले आणि गेले.

बाबा भांडत नाहीत. ते फक्त यायचे थांबतात. सूचना मात्र थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि बायको दारात उभी राहून निवेदन करायची, "बाबा म्हणतायत, जावईबापूंना सांग, नवव्या पानावर 'टेन्शन'चा काना राहिलाय." टेन्शन म्हणजे मशीनमधल्या धाग्याचा ताण. पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण होतं, 'टेन्शन कमी-जास्त करणे'. त्या दिवसांत मी ते दोनदा वाचलं. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं. शिवाय 'टेन्शन'ला काना नसतोच, हे मी उलट निरोपाने कळवलं. उत्तर आलं, "'टेन्शनचा'मधल्या 'चा'चा." तो खरंच राहिला होता.

अशा वेळी आमच्या आयुष्यात शेजारचे हेडमास्तर शिरले. ते निवृत्त आहेत आणि आमची शिडी परत करायला नेहमी येतात, शिडी न घेता. पडद्यावरचं मशीन त्यांनी दोन्ही हात मागे बांधून पाहिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण सपाट आहे. उठाव नाही."

"म्हणजे?"

"सावली द्या. सावलीशिवाय वस्तूला वजन येत नाही. मी सव्वीस वर्षं शाळेचा वार्षिक अंक काढला आहे."

त्या अंकात सावल्या होत्या का, हे मी विचारलं नाही. एका स्क्रूला सावली देऊन बघितली. आणि काय सांगू! तो स्क्रू पानावरून असा उठून आला की नखाने उचलावासा वाटला. मी दुसऱ्याला दिली. मग बॉबिनला. मग चाकाला. माणूस व्यसनी कसा होतो, हे मला त्या संध्याकाळी समजलं. बाराव्या पानापर्यंत एकही स्क्रू सावलीवाचून राहिला नाही. सतराव्या पानावर तर वरच्या रिळाच्या खुंटीलासुद्धा मी बुडाशी एक गोल, मऊ, काळसर सावली दिली, इतकी देखणी की मी बायकोला हाक मारली.

तिने सगळी पानं पाहिली. "अहो, बाबांच्या चित्रांत सावल्या कुठे होत्या?"

"त्या अध्याहृत होत्या."

"आणि या पानावर उजेड डावीकडून येतोय, त्या पानावर उजवीकडून. दोन सूर्य आहेत का आपल्याकडे?"

हे तिने बाबांकडून घेतलं आहे. दिसायला साधा प्रश्न, पण आत सुई. मी सर्व सावल्यांचा कोन एकच केला. तिच्या सूचनांचा मान राखून मी मुखपृष्ठावरच्या मशीनभोवतीची प्रभाही काढली, कारण ती पाहून तिने "मशीनला साक्षात्कार झालाय का?" असं विचारलं होतं. मलपृष्ठावर बाबांचा फोटो होता, त्याच्या कडा मी मऊ विरघळवल्या होत्या. तो पाहून तिचा चेहरा उतरला.

"ढगातून बघतायत ते," ती म्हणाली. "अहो, आहेत ते अजून!"

फोटोला मी परत चार ठाम कडा दिल्या. सावल्या मात्र ठेवल्या. सतराव्या पानावर आकडा अडतीस ठेवला. दोघांपैकी कुणाचंच समाधान होणार नाही, असा आकडा शोधणं याला तडजोड म्हणतात. एकदा शेवटची पानं बाबांना दाखवून यावीत असं मनात आलं होतं. पण त्यांनी यायला हवं की मी जायला हवं, याचा निकाल लागेना आणि संस्थेची तारीख जवळ आली.

छापखाना एका बाईंचा होता. कोपराला कायम शाई, आणि बोलणं मोजकं. त्यांनी फाइल उघडली, त्यांचा संगणक बराच वेळ विचार करत राहिला आणि मग कच्ची पानं बाहेर आली. प्रत्येक स्क्रूच्या मागे एक पांढरा चौकोन होता. सगळे स्क्रू ओळखपत्रासाठी फोटो काढायला उभे राहिल्यासारखे.

"साहेब, किती काच भरलीत हो यात!" बाई म्हणाल्या. "आमचं मशीन जुनं आहे. त्याला शाई कळते, काच कळत नाही. सगळे थर एकमेकांत वितळवून एकच सपाट चित्र करून आणा."

म्हणजे मी उठाव देण्यात घालवलेले चार दिवस आता सपाट करायचे होते. मी घरी जाऊन ते केलं. दुसऱ्या खेपेला चौकोन गेले. बाईंनी पान उजेडाकडे धरलं.

"सावल्या गडद येतायत हं. पडद्याला मागून उजेड असतो. कागदाला नसतो. थोड्या कमी करा."

त्या तीस वर्षं छापत होत्या. मी तीन आठवडे मांडत होतो. मी म्हणालो, "येऊ देत. उठाव येईल."

संस्थेत नमुन्याची प्रत अर्जासोबत द्यायची होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज पुढ्यात ओढला. "चित्रांचा प्रकार? रंगीत की काळी-पांढरी?"

"काळी-पांढरी. पण पारदर्शक."

"तो रकाना नाही."

"म्हणजे मशीनच्या आतलं दिसतं."

त्यांनी सतरावं पान खिडकीच्या उजेडात धरून पलीकडे पाहिलं. पलीकडे मी होतो. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले.

"कागद पारदर्शक नाही हो. चित्र पारदर्शक आहे."

"मग चित्र वेगळं जोडा."

पाऊण तासाने आम्ही 'काळी-पांढरी (दिसतात)' या शब्दांवर आलो. त्यांनी त्यावर गोल शिक्का मारला आणि शिक्का बरोबर 'दिसतात'वर बसला.

अबोल्याच्या अकराव्या दिवशी पुस्तकं आली. त्यातली पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं बाबांकडे गेलो. त्यांनी हात धुतले, पुसले, मग पुस्तक घेतलं. एकेक पान उलटत गेले. सतराव्या पानाशी थांबले, आणि अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"हे काय?"

पुस्तकात प्रत्येक स्क्रूखाली एक काळी कडी बसली होती. पडद्यावर जी हवेसारखी हलकी होती ती कागदावर डांबरासारखी उतरली होती.

"सावली," मी म्हणालो.

"कशाची?"

"स्क्रूची."

त्यांनी पुस्तक मिटलं. "छापून झालंय ना. झालं तर मग." आणि मुलीला म्हणाले, "चहा टाक."

ते ओरडले असते तर मी सहन केलं असतं. ऑफिसात ती सवय आहे. पण त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं, पाठमोरं, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीबद्दल बोलायला लागले. परतीच्या वाटेवर बायको एवढंच म्हणाली, "त्यांनी हात धुतले होते हो."

त्या रस्त्यावर मला माझीच सावली बघवेना.

सत्र सुरू झालं आणि दहा दिवसांत फोन येऊ लागले. बाबांचं दुकान आता जे गृहस्थ चालवतात त्यांचा पहिला. "काका, वर्गातली मुलं येतायत आणि काळी कडी मागतायत. पान बारा, स्क्रूखालची. कुठल्या मापाची ठेवू?" मग एका सुट्या भागांच्या दुकानदाराचा. त्याने तर कडीला भाग क्रमांक विचारला. वर्गातल्या एकाने आपलं मशीन पूर्ण खोललं, प्रत्येक स्क्रूखाली कडी नाही हे पाहून आपल्याला फसवून अर्धवट मशीन विकलं गेलं अशी त्याची खात्री झाली, आणि तो विकणाऱ्याशी भांडून आला.

बाबा प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "ती सावली आहे. मिळत नाही." पाचव्या-सहाव्या वेळी त्यांचा आवाज थकलेला आला. पुस्तकावर नाव त्यांचं होतं. माझं नाव शेवटच्या पानावर, 'मांडणी व दृश्य परिणाम' या शब्दांपुढे. परिणाम दिसतच होते.

मी शुद्धिपत्र लिहायला बसलो. चार मसुदे फाडून पाचवा असा झाला: 'या पुस्तकातील सर्व काळ्या कड्या या केवळ सावल्या असून त्या मशीनचा भाग नाहीत व बाजारात उपलब्ध नाहीत. चूक मांडणी करणाऱ्याची आहे, लेखकाची नाही.' शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हेडमास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाषा सपाट आहे." मी त्यांना शिडीची आठवण करून दिली.

संस्थेच्या खिडकीवर तेच गृहस्थ. "शुद्धिपत्रात भाग क्रमांक लागतो. सावलीचा क्रमांक काय?"

"तिला क्रमांक नसतो. ती नाहीच आहे."

"नसलेल्या भागाची दुरुस्ती कशी मंजूर होणार? लेखकाची सही आणा."

म्हणून मी शुद्धिपत्र घेऊन बाबांकडे गेलो, एकटाच. ते दारातच भेटले, पिशवी घेऊन बाहेर पडताना. दोन गल्ल्या सोडून एक शिवणवाल्या मावशी राहत. पडदे आणि शाळेचे गणवेश शिवत. त्यांचा निरोप आला होता की पुस्तक लिहिणाऱ्यांनी जरा येऊन जावं.

"अजून एक कडी असणार," बाबा म्हणाले. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी ती सोडली. एवढ्यावर मी खूश झालो.

मावशींच्या खोलीत खिडकीशी मशीन, दोन्ही बाजूंना निळ्या कापडाचे ढीग, भिंतीवर मापांचे कागद. मावशी साठीच्या, तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या. पुस्तक मशीनवर उघडं होतं. पान सतरा.

"भाची संस्थेत दुरुस्तीच्या वर्गाला जाते, तिचं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "ही वरची काळी चकती, रिळाच्या खुंटीखालची. दुकानात गेले, तर म्हणाले मिळत नाही."

"ती सावली आहे, बाई," बाबा म्हणाले. "ती..."

"असेल. मी जुन्या लोकरी टोपीची कापून बसवली."

मी जमिनीकडे बघू लागलो. मावशींनी पाय मारायला सुरुवात केली. मशीन धावू लागलं. बाबांची मान आपोआप तिरकी झाली.

मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही कळलं की त्या खोलीत काहीतरी ऐकू येत नव्हतं. मशीन जोरात चाललं की वरचं रीळ लोखंडावर उड्या मारतं आणि टकटक वाजतं, हे आमच्या घरीसुद्धा सगळ्यांना माहीत आहे. इथे रीळ त्या जाड लोकरीवर बसून गुपचूप फिरत होतं. धागा एकसारखा येत होता.

"आता उडत नाही की तुटत नाही," मावशी टाचण्यांमधून म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, हा आवाज मशीनचाच."

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी रीळ काढलं, चकती उचलली, टकटक ऐकली. चकती बसवली, शांतता ऐकली. असं तीन वेळा. मग भिंग काढून खुंटीच्या बुडाशी बराच वेळ बघत राहिले. नखाने काहीतरी खरवडलं आणि तळहातावर घेऊन मला दाखवलं. कुजक्या लाल लोकरीचे दोन धागे.

"इथे चकती होती," ते म्हणाले. "कारखान्यातूनच असणार. मशीनं माझ्याकडे यायची तोवर ती झिजून गेलेली असायची. मी कधी पाहिलीच नाही." मग थोडं थांबून, "मी लोकांना सांगायचो, हा आवाज असायचाच. एक्केचाळीस वर्षं सांगितलं."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. मी घाईघाईने खिशातून कागद काढला. "बाबा, यात लिहिलंय, चूक माझी आहे. तुम्ही फक्त सही करा."

त्यांनी चष्मा लावून शुद्धिपत्र शेवटपर्यंत वाचलं. मावशींनी खडू पुढे केला, तर खडू नको, पेन्सिल द्या म्हणाले. 'सर्व काळ्या कड्या' यापुढे त्यांनी खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पान १७ वरील रिळाच्या खुंटीखालची सोडून'. मग खाली एक नवी ओळ घातली: 'ती चकती लेखकाकडून राहून गेली होती. जाड लोकरीची कापून बसवावी.' त्याच्या शेजारी अंगठ्याएवढं चित्र काढलं, सावलीशिवाय. आणि 'चूक मांडणी करणाऱ्याची' या वाक्यावर त्यांची पेन्सिल थांबली.

त्यांनी ते खोडलं नाही. तेही बरोबरच होतं.

मावशींनी चहा आणला. "पण चित्रं फार सुरेख आहेत हो," त्या म्हणाल्या. "लोखंडाच्या आतलं बाहेर काढून ठेवलंय. कुणी काढली?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "चित्रं माझी," ते म्हणाले. "चुका यांच्या." चहाचा एक घोट घेतला आणि कपातच बघत पुढे म्हणाले, "पण मन लावून करतात."

मावशी हसल्या आणि टाचण्या सांडल्या. मी खाली वाकून त्या गोळा करू लागलो, कारण तेवढा वेळ मला चेहरा लपवायला हवा होता. सगळ्या टाचण्या मिळाल्यावरही मी जरा शोधतच राहिलो.